दोन सुट्ट्यांची टोळी

रावेरहून सातपुड्याकडे जाणारा रस्ता केळीच्या बागा संपतात तिथे अरुंद होतो. त्या टोकाला पावरा आदिवासींचा एक पाडा आहे. पाड्यातली निम्म्याहून अधिक घरे ख्रिस्ती. नाल्याच्या अलीकडे एक प्रार्थनाघर, पलीकडे दुसरे, दोन्ही पत्र्याची. अलीकडची मंडळी रविवारी जमते. पलीकडची शनिवारी, कारण शास्त्रातला शब्बाथ, म्हणजे काम न करण्याचा विश्रांतीचा दिवस, सातव्या दिवशी येतो आणि सातवा दिवस शनिवारच, असे तिचे मानणे आहे. शास्त्र दोघांचे एकच, गीते बहुतेक तीच. ढोल तर एकच आहे. शनिवारची उपासना संपली की तो नाला ओलांडून अलीकडे येतो.

मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात जिल्ह्याचे पान पाहत असे. जन्म धुळ्यातला, जुन्या मिशनच्या आवारातला, म्हणजे रविवारवाला. पाड्याशी ओळख झाली ती बातमीमुळे नव्हे. जळगाव आणि धुळ्याच्या मंडळ्यांनी देशासाठी एकत्र प्रार्थना करायचे ठरवले होते आणि पत्रके लिहायला हाताशी माणूस हवा होता.

एकत्र प्रार्थनेची कल्पना एका कॅथलिक फादरांची. आमच्या पानावर रोज कुठल्या ना कुठल्या गावात माणसे एकमेकांवर धावून गेल्याची बातमी असायची. मिरवणुकीचा रस्ता, फलक, मोबाइलवर फिरलेले एखादे चित्र, कारण काहीही. फादर म्हणत, "आपण मूठभर. आपल्याला कोणी शांतता समितीवर फारसं बोलवत नाही. पण प्रार्थना करायला परवानगी लागत नाही."

परवानगी नव्हती लागत, जागा लागत होती. धुळ्याच्या सभागृहात कॅथलिकांना वेदी हवी होती. जळगावच्या चर्चमध्ये मोठ्याने प्रार्थना करणाऱ्यांना ध्वनिक्षेपक हवा होता. प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरात पाहुणा व्हायला अवघड वाटत होते. शेवटी कोणाचीच नसलेली जागा म्हणून पाड्याचे मैदान ठरले. पाड्यावर दोन मंडळ्या शेजारी-शेजारी राहतात, एकीचे चित्र तिथे तयारच आहे, असा विचार त्यामागे होता.

ते चित्र तेव्हा फाटत होते. जळगावच्या बैठकीत आम्हाला ते मुकादमाने सांगितले.

मुकादम म्हणजे पाड्यातल्या केळी कापणाऱ्या टोळीचा म्होरक्या. चाळिशीचा, बोलण्याआधी घसा साफ करायची सवय असलेला. मैदान त्याच्या घरासमोर होते म्हणून त्याला बोलावले होते. आम्ही प्रार्थनेचे विषय वाचत होतो: राष्ट्रपती, पंतप्रधान, न्यायालये, सैन्य, शेतकरी, दंगलीत होरपळलेली गावे. वाचून झाल्यावर फादरांनी विचारले, "आणखी काही?"

"एक राहिलं," मुकादम म्हणाला. "आमची टोळी."

कोणीतरी हसले. तो थांबला नाही.

केळीची कटाई एकट्यादुकट्याचे काम नाही. एकजण घड कापतो, दुसरा तो खांद्यावर झेलतो, पुढचे बांधावरच्या ट्रॅक्टरपर्यंत नेतात, बाया व्यापाऱ्याच्या गाडीत, म्हणजे ट्रकमध्ये, पाने अंथरतात, गाडीवरचे थर लावतात. मधली माणसे कमी झाली की बाकीची हात बांधून उभी राहतात. गाडी कधी येणार ते बागवाल्याच्याही हाती फारसे नसते. व्यापाऱ्याचा फोन येतो आणि त्या दिवशी माल भरावा लागतो. मुकादमाच्या टोळीत अर्धी माणसे अलीकडची, अर्धी पलीकडची. गाडी शनिवारी आली की अर्धी टोळी घरी. रविवारी आली की उरलेली अर्धी.

बाग ज्यांची, त्या आबांनी हे बरेच दिवस चालवून घेतले. मग एका शनिवारी त्यांची गाडी अर्धी भरून राहिली आणि लगेच दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तेव्हा त्यांनी मुकादमाला बांधावर गाठले.

"तुमचा देव एकच हाये ना?"

"एकच आहे, आबा."

"मंग त्याच्या सुट्ट्या दोन कायले?"

आबांनी निर्वाणीचे सांगितले: यापुढे गाडी ज्या वारी येईल त्या वारी पुरी टोळी हवी, नाहीतर बऱ्हाणपूरकडची टोळी आणतो.

"ती टोळी आली तर आम्ही गुजरातला," मुकादम आम्हाला म्हणाला. "ऊसतोडीला. मी पाचटाच्या झोपडीत, कोपीत वाढलो. पोरगी माझी आता आश्रमशाळेत आहे. तिला कोपी दाखवायची नाही मला. देशासाठी प्रार्थना करा, नाही म्हणत नाही. पण आधी मला सांगा, गाडी शनिवारी आली तर कोणी जायचं?"

बैठकीत रविवारच्या मंडळीचे पाळक होते. निवृत्त शिक्षक, मूळचे साक्रीकडचे, सगळे त्यांना नाना म्हणत. शनिवारच्या मंडळीचे पास्टरही होते. वयाने तरुण, मोटरसायकलवर पाडे फिरणारे, बायबल शाळेत शिकलेले. दोघे एकाच सतरंजीच्या दोन टोकांना बसले होते. मधे बसायला जागा असूनही कोणी बसले नव्हते.

पास्टरांनी शब्बाथ पाळायची आज्ञा सांगितली. नानांनी येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, रविवार, सांगितला. पास्टरांनी बायबलमधले 'उत्पत्ती' हे पुस्तक काढले. नानांनी 'प्रेषितांची कृत्ये'. हा वाद दोघांनाही पाठ होता. फादर दोनदा खोकले. शेवटी त्यांनीच तोड काढली: कोणता दिवस बरोबर ते ठरवायला नको, एकीची खूण म्हणून दोन्ही मंडळ्यांनी एकमेकांच्या दिवसाचा मान राखावा. नाना म्हणाले, मान्य. पास्टर म्हणाले, मान्य. टाळ्या झाल्या. मी बातमी केली आणि दुसऱ्या दिवशी ती दोन कॉलमांत चौकटीत लागली. शीर्षकात 'एकोपा' हा शब्द होता.

मान राखणे म्हणजे नेमके काय करणे, हे कोणी विचारले नव्हते.

पाड्यावर त्याचा अर्थ लागायला वेळ लागला नाही. अलीकडच्यांनी ठरवले, शनिवारचा मान राखायचा तर शनिवारी आपणही कामाला जायचे नाही. पलीकडच्यांनी तेच रविवारबद्दल ठरवले. दोन्ही ठराव भल्या मनाने झाले, दोन्ही आपापल्या प्रार्थनाघरात, आणि दुसऱ्याला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून कोणी बोलले नाही. पुढची गाडी शनिवारी आली. टोळीतले कोणी आले नाही. चालकाने वाट पाहिली, बागेत मुक्काम केला. रविवारीही कोणी आले नाही.

आम्हाला ही बातमी कळली ती मैदानाची पाहणी करायला पाड्यावर गेलो तेव्हा. फादर, नाना, पास्टर आणि मी मुकादमाच्या ओट्यावर चहा घेत होतो. मुकादमाची बायको माहेरची पलीकडच्या मंडळीतली. लग्नानंतरही ती शनिवारच पाळत आली. तिने आम्हाला दोन्ही दिवसांचा घरातला हिशेब ऐकवला.

"आधी कसं होतं, पास्टर? शनिवारी मी चूल पेटवायची नाही, हे शुक्रवारची भाकर खायचे. रविवारी हे खाटेवरून उठायचे नाहीत, मी कामाला जायची. आता एकी झाली. शनिवारी चूल नाही, रविवारी पण नाही. तीन दिवसांची भाकर दाताने तुटते का, तुम्ही बघा."

"पाण्यात भिजव," मुकादम म्हणाला.

"तुम्हालाच भिजवते."

नाना हसता हसता थांबले, कारण अंगणात आबांची स्कूटर येऊन उभी राहिली. आबा धोतर-टोपीतले, सत्तरीचे, रागातही पायातल्या वहाणा काढून ओट्यावर चढले. एकादशी मोडत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी आम्हा चौघांकडे एक एक करून पाहिले आणि फादरांचा झगा पाहून ते त्यांच्याकडे वळले.

"तुमीच का मुख्य?"

"मुख्य असं कोणी नाही," फादर म्हणाले.

"तेच मी म्हनतो. मुख्य नाई म्हनूनच असं झालं. हे पाहा साहेब, तुमी भांडत होते तं माही अर्धी गाडी तरी भरे. तुमची एकी झाली अन् पुरी गाडी रिकामी गेली. आता वारा सुटाले लागला. एक झोत आला का बाग आडवी. मी एकादशीले उपास करतो. पन म्हनून बैल उपाशी ठेवतो का?"

आबा मुकादमाकडे वळले. आवाज खाली आला आणि तोच जास्त गंभीर वाटला.

"गड्या, तुह्या बापानं पन उसावरून येऊन माही बाग कापली. बऱ्हाणपूरवाल्याले मी फोन केला, पन हो म्हटलं नाई. पुढची गाडी येईन तवा पाहीन. तेवढंच. त्याच्यापुढं नाई."

ते गेले. चहा निवला होता. मुकादम घसा साफ करून म्हणाला, "आता काय वाचायचं ते वाचा शास्त्रातून."

यानंतर जे झाले त्याची बातमी मी केली नाही. ती छापण्याजोगी नव्हती आणि त्या ओट्यावरच राहणे बरे होते. आता बराच काळ गेला आहे आणि त्यातले कोणी नावाने इथे नाही.

तोड साधी होती आणि प्रत्येकाला दिसत होती. नानांच्या मंडळीचे लोक याच पाड्यावर नव्हते, वरच्या टेकडीवरच्या पाड्यातही होते. पास्टरांचे खाली नदीकाठच्या वस्तीवर होते. शनिवारी वरच्या पाड्यातले रविवारवाले येऊन टोळी पुरी करतील. रविवारी नदीकाठचे शनिवारवाले. दोन सुट्ट्या होत्या म्हणूनच आठवड्याचा एकही दिवस उघडा पडत नव्हता. ही तोड आजवर कोणी बोलून दाखवली नव्हती, कारण मधे दुसरीच गोष्ट आड येत होती. ती फादरांनी काढली.

"नाना, तुमचे लोक खाली पाठवायला तुम्ही का कचरता?"

नानांनी चष्मा काढून पुसला. राग आला की ते अहिराणीवर जात. "पास्टरले इचारा. मना वरना पाडाना एक कुटुंब त्यानी नेलं. मी बाप्तिस्मा देयेल. त्यानी परत दिधा. म्हंजे मी देयेल काय व्हतं? नुसतं आंघोळ?"

पास्टरांचा चेहरा उतरला, पण त्यांनी उत्तर दिले. "आणि तुमच्या लोकांनी आमच्या पोरींना सांगितलं की शनिवार पाळणाऱ्यांशी लग्न करू नका, ते अर्धवट आहेत. माणसांची अशी ये-जा वाढली की बागेत दुसरं काय बोलणं होईल? घड कमी आणि उपदेश जास्त."

मुकादमाची बायको दारातून म्हणाली, "खांद्यावर घड असताना उपदेश करून दाखवा कोणीतरी. मी बघायला येते."

फादर मोठ्याने हसले. मग पास्टरही. नाना हसले नाहीत, पण चष्मा परत घातला.

बोलणे लांबले. बातमीदाराला सवयीने दोन पक्ष कधी माघार घेतात ते आवाजावरून कळते. इथे माघार कोणी घेतली नाही. पास्टर दिवसाबद्दल एक शब्द मागे गेले नाहीत, नानाही नाहीत. दोघांनी वेगळीच गोष्ट मान्य केली. पास्टर म्हणाले की यापुढे नानांच्या माणसाला ते पुन्हा बाप्तिस्मा देणार नाहीत. कोणी स्वतःहून आला तरी आधी त्याला नानांकडे पाठवतील. बायबल शाळेतल्या त्यांच्या गुरूंना हे आवडले नसते, हे तेही जाणून होते. नाना म्हणाले की लग्नाबद्दलचे ते बोलणे मंडळीत उभे राहून मागे घेतील.

"तुनी मंडळी मनी नही, मनी तुनी नही," नाना म्हणाले. "बठ्ठी त्यानी शे. हाई मी पुस्तकमा वाची राहिंतू, म्हणी नही राहिंतू." सगळी मंडळी देवाची, हे ते आजवर पुस्तकात वाचत होते, तोंडाने म्हणत नव्हते.

सतरंजी नव्हती, ओटा होता. दोघे उठताना एकमेकांच्या शेजारीच होते. नंतर जळगावच्या बैठकीत काहींनी या कराराला नाके मुरडली. मोठ्याने प्रार्थना करणाऱ्या एका मंडळीने कार्यक्रमातून अंग काढून घेतले. जिथे सत्यावर तडजोड होते तिथे आम्ही नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याशिवाय पुढे जायचे ठरले.

प्रार्थनेचा दिवस आता नव्याने ठरवावा लागला. शनिवारचा शब्बाथ शनिवारी सूर्य मावळला की संपतो. रविवारवाल्यांचा दिवस दुसऱ्या सकाळी सुरू होतो. मधली संध्याकाळ दोघांचीही होती आणि कोणाचीच नव्हती. तीच वेळ ठरली. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. सरपंचांनी पाण्याचा टँकर कबूल केला.

त्याच शनिवारी सकाळी व्यापाऱ्याचा फोन आला: गाडी निघाली आहे.

मी दुपारीच पोहोचलो. बागेत उन्हाचे कवडसे आणि ओल्या पानांचा उग्र वास. शनिवारवाले घरी. अलीकडचे रविवारवाले कामावर आणि त्यांच्या जोडीला वरच्या पाड्यातली माणसे, नाना स्वतः सकाळी जाऊन घेऊन आलेले. ही माणसे कापूस वेचणारी, कोरडवाहूतली. घड खांद्यावर घ्यायची त्यांना सवय नव्हती. देठातून गळणारा चीक कपड्यांवर पडून वाळला की काळा होतो आणि जात नाही. ती चांगले सदरे घालून आली होती, कारण संध्याकाळी प्रार्थना होती. मुकादम त्यांच्यामागे फिरत होता. "मान सरळ ठेव. झोल देऊ नको. घड पडला तर काळा पडतो, व्यापारी घेत नाही." टोळी पुरी होती, पण धिमी होती.

आबा बांधावर उभे होते. गाडीकडे पाहत होते.

दिवस कलू लागला तेव्हा गाडीचा मागचा भाग अजून रिकामा होता. मैदानावर जळगाव आणि धुळ्याहून आलेल्या गाड्या लागल्या. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पाहुणे बसले. फादर दोनदा बागेच्या कडेपर्यंत येऊन पाहून गेले. धुळ्याच्या एका पाहुण्याने मला विचारले, कार्यक्रम वेळेत सुरू होईल ना, आम्हाला परत जायचे आहे. मी म्हणालो, गाडी भरल्याशिवाय होणार नाही. त्याला वाटले मी त्यांच्याच गाडीबद्दल बोलतो आहे.

सूर्य डोंगराआड गेला. पलीकडच्या प्रार्थनाघरात शब्बाथ संपल्याचे गीत झाले. बागेपर्यंत ऐकू आले. मग नाल्यातून माणसे येताना दिसली. शनिवारचे कपडे अंगावर तसेच, पांढरे सदरे, बायांची नवी लुगडी. मैदानाकडे वळायच्या ठिकाणी ती वळली नाहीत. पास्टर पुढे होते. त्यांनी बाह्या दुमडल्या होत्या, पण मुकादमाने त्यांना साखळीत घेतले नाही.

"तुम्ही पानं द्या," तो म्हणाला. "घड सरावाच्या माणसांनी उचलायचे."

पास्टर बायांबरोबर पाने देऊ लागले. सरावलेली माणसे आली तशी गती बदलली. वरच्या पाड्यातली माणसे बाजूला होत नव्हती. मुकादमाने त्यांना ट्रॅक्टरजवळ हलवले. कापणारा पलीकडचा, झेलणारा अलीकडचा, अशी जोडी लागली की मुकादम त्यांच्या भाषेत काहीतरी बोले आणि सगळे हसत. काय बोलतो म्हणून मी विचारले. म्हणाला, "सांगितलं, आता घड पाडला तर कोणत्या मंडळीने पाडला ते कळणार नाही, म्हणून पाडू नका."

संधिप्रकाश संपण्याआधी गाडी भरली. चालकाने ताडपत्री बांधली आणि गाडी सावदा रस्त्याला लागली.

मग प्रार्थना झाली. ठरवलेले भाषण फादरांनी वगळले. कामावरून आलेले लोक खुर्च्या सोडून जमिनीवर बसले, म्हणून पाहुणेही हळूहळू जमिनीवर आले. कोणी क्रुसाची खूण केली, कोणी हात वर केले, बायांनी पदर डोक्यावर घेतला. नानांनी देशासाठी प्रार्थना केली, पास्टरांनी दंगलीत होरपळलेल्या गावांसाठी. मुकादमाने पावरी भाषेत केली. ती सगळ्यात छोटी होती. प्रत्येक प्रार्थनेनंतरचा आमेन एकदम आला. पत्रकावरचे निम्मे विषय राहून गेले.

आबा गेले नव्हते. टोपी हातात घेऊन ते मैदानाच्या कडेला उभे होते. शेवटचा आमेन झाल्यावर मुकादम त्यांच्याकडे गेला. मी जवळच होतो.

"खालची बाग तयार हाये," आबा म्हणाले. "गाडी आता कोनत्या वारी बोलवू?"

मुकादमाने या वेळी घसा साफ केला नाही.

"भाव मिळेल त्या वारी, आबा."